भाव बाजारात, फरक मंत्रालयात

नांदेड-लातूरच्या व्यापाऱ्याने व कारागिराने एकदा करून पाहावा असा हिशेब

देगलूरचा एखादा बागवान पहाटे टेम्पो घेऊन निघाला, तर तासा-दीड तासात तो तीन राज्यांची हवा खाऊन येऊ शकतो. एका अंगाला तेलंगणातील मदनूर, दुसऱ्या अंगाला कर्नाटकातील औराद, आणि घर महाराष्ट्रात. तिन्हीकडच्या चहाच्या टपरीवर दखनी बोलली जाते, तिन्हीकडे माती तीच आणि पाऊसही तसाच लहरी. पण पंपावरचा डिझेलचा आकडा वेगळा, बसचे तिकीट वेगळे, आणि गावातील बेवा बाईच्या हाती महिन्याला पडणारी रक्कमही वेगळी.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या सोयरिकी बिदर, बोधन, निजामाबाद, भैंसा या बाजूच्या आहेत. ईदला किंवा लग्नात पाहुणे जमले की जेवणानंतर एक विषय हटकून निघतो: "तुमच्याकडे बिल किती येते? पेन्शन किती मिळते?" मग इकडचा माणूस उसासा टाकतो, नाहीतर तिकडचा. गप्पा तिथेच संपतात. आम्हांस वाटते की हा विषय उसाश्यावर सोडण्यासारखा नाही. धंदा करणाऱ्याच्या नफ्या-तोट्याचा हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बाजारात शोधून मिळणार नाही.

सरहद्द नवी, सोयरीक जुनी

ही सरहद्द काही पूर्वापार नव्हे. निजामाच्या राज्यात नांदेड, उदगीर, बिदर, बोधन हा सारा एकच मुलूख होता. तेव्हाची भिंत दुसरीकडे होती. संस्थानच्या हद्दीवर करोडगिरीचे नाके होते, आणि मुंबई इलाख्यातून आलेल्या मालावर तिथे जकात बसे. नाणेही निराळे होते. हाली सिक्क्याचे सात रुपये दिले तर इंग्रजी सहा रुपये मिळत. म्हणजे मुंबईचा माल नांदेडला महाग पडण्याची गोष्ट आजची नाही, आणि तेव्हाही त्याचे कारण अंतराइतकेच राज्यकारभारात होते.

१९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली आणि मुलूख तिघांत वाटला गेला. नांदेड जिल्ह्यातील मुधोळ तालुका आंध्रात गेला, आदिलाबादकडील किनवट इकडे आले. बिदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण त्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा मराठवाड्यात राहिले आणि १९८२ पासून ते लातूर जिल्ह्यात आहेत. ज्या दोन गावांत एकच बाजार भरत असे, तिथे दोन सरकारे आली. त्या दिवसापासून या गावांचा खर्च दोन ठिकाणी ठरू लागला.

जीएसटीने काय मिटवले आणि काय ठेवले

जुन्या व्यापाऱ्यांना जकात नाका आठवत असेल. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात उठली. महानगरपालिकांत ती पुढेही राहिली, मग तिच्या जागी एलबीटी आला, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांची त्यातून सुटका झाली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला. कापडाच्या गाठीवर जो कर निजामाबादला, तोच नांदेडला आणि तोच बिदरला. फॉर्म भरताना डोके फिरते ही तक्रार खरी, पण दर तरी एक झाला.

मग फरक कुठे उरला? पेट्रोल आणि डिझेल जीएसटीच्या बाहेर राहिले. विजेचे दर राज्याराज्यांत वेगळे राहिले. एस.टी.चे भाडे, रेशनवरील जादा धान्य, पेन्शन, लग्नाची मदत, हे सारे राज्य सरकारच्या हाती राहिले. थोडक्यात, दुकानातील मालावरचा कर सारखा झाला, पण माल दुकानापर्यंत आणण्याचा खर्च आणि दुकानदाराचे घर चालविण्याचा खर्च हा राज्याच्या राजकारणावर अवलंबून राहिला. छोट्या माणसाचा नफा याच दोन खर्चांत मुरतो.

डिझेलचे गणित

महाराष्ट्रात मुंबई, ठाणे व नवी मुंबईचा दर वेगळा आणि बाकी राज्याचा वेगळा अशी अनेक वर्षे रीत होती. त्या शहरांत पेट्रोलवर २६ आणि डिझेलवर २४ टक्के कर होता. आपल्याकडे २५ आणि २१. कर आपल्याला कमी, तरी पंपावरचा भाव आपल्याकडेच जास्त! कारण मुंबईच्या दाराशी तेलशुद्धीकरण कारखाने आहेत, आणि मराठवाड्यातील पंपांना मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोसारख्या लांबच्या ठिकाणाहून तेल येते. मनमाड ते नांदेड रेल्वेने सुमारे साडेतीनशे किलोमीटर. हे भाडे लिटरमागे गिऱ्हाइकाच्या माथी बसते. म्हणूनच २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलने २९ मे रोजी शंभरी गाठली, तेव्हा परभणीने ती आधीच ओलांडलेली होती.

१ जुलै २०२४ पासून मुंबई परिसराचा दर कमी करून तो इतर राज्याइतका केला गेला. मुंबईकरांना डिझेल लिटरमागे सुमारे दोन रुपयांनी स्वस्त झाले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण करात दूरच्या जिल्ह्याला जो थोडा उतार होता तो गेला, आणि वाहतुकीचा बोजा मात्र होता तिथेच राहिला. यावर मराठवाड्यातून फारसा आवाज उठला नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

२०१५ चे उदाहरणही आठवावे. दुष्काळाच्या मदतीसाठी म्हणून राज्याने ऑक्टोबर २०१५ पासून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये अधिभार लावला. दुष्काळ सर्वांत कडक होता मराठवाड्यात, आणि तो अधिभार मराठवाड्यातील टेम्पोवाल्यालाही भरावा लागला.

आता शेजाऱ्यांकडे पाहू. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने अबकारी कर घटवला. त्याच वेळी कर्नाटकाने आपला कर लिटरमागे सात रुपयांनी कमी केला. महाराष्ट्राने तेव्हा काही केले नाही. मे २०२२ मध्ये थोडी आणि जुलै २०२२ मध्ये पेट्रोलवर पाच व डिझेलवर तीन रुपये अशी कपात झाली. मधले सात-आठ महिने उदगीर, देवणी, निलंगा या भागातील पंपवाल्यांनी गाड्या बिदर-भालकीकडे वळताना पाहिल्या. पुढे वारे फिरले. लोकसभेचे निकाल लागताच जून २०२४ मध्ये कर्नाटकाने सुमारे तीन-तीन रुपये वाढवले, आणि एप्रिल २०२५ मध्ये डिझेलवर आणखी दोन रुपये चढले. निवडणूक आधी की नंतर, यावर टाकी कुठे भरावी हे ठरते, असे म्हटले तर चूक होणार नाही.

हे रुपये किरकोळ वाटतात काय? समजा, ट्रक लिटरला चार किलोमीटर देतो. नांदेडहून भिवंडीला कापड आणायला जाऊन-येऊन साधारण बाराशे किलोमीटर होतात. म्हणजे तीनशे लिटर डिझेल. लिटरमागे तीन रुपयांचा फरक पडला तर एका खेपेला नऊशे रुपये. ट्रकवाला ते स्वतःच्या खिशातून देत नाही. ते भाड्यात येतात, भाडे गाठीवर पडते, गाठ थानावर, आणि शेवटी इतवाऱ्यातील दुकानदार मीटरमागे भाव वाढवतो किंवा आपला नफा सोडतो.

घरचा मीटर, बसचे तिकीट, बेवा बाईची पेन्शन

तेलंगण राज्य २ जून २०१४ रोजी झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथे शादी मुबारक योजना आली. गरीब मुस्लिम मुलीच्या लग्नासाठी ५१ हजार रुपये. २०१८ मध्ये ती रक्कम १,००,११६ झाली. १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज. त्याच वर्षी शेतकऱ्याला एका हंगामाला एकरी चार हजार रुपये. २०१९ मध्ये निराधारांची पेन्शन २,०१६ रुपये. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेची रक्कम तोवर ६०० होती. २०१९ मध्ये ती हजार झाली आणि २०२३ मध्ये दीड हजार.

धर्माबाद तालुक्यातील सरहद्दीवरच्या गावांनी २०१८ मध्ये "आम्हांस तेलंगणात घाला" अशी मागणी केली, ती या आकड्यांमुळे. ज्या मराठवाड्याने महाराष्ट्रात येण्यासाठी हट्ट धरला, त्याच्याच काठावरची गावे असे बोलू लागली! ५ फेब्रुवारी २०२३ रोजी तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी नांदेडला सभा घेतली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचे सरकार गेले, पण पुढील सरकारने डिसेंबर २०२३ पासून बायकांना बसप्रवास मोफत केला आणि मार्च २०२४ पासून गरीब घरांना २०० युनिटपर्यंत वीज मोफत दिली. कर्नाटकात हे दोन्ही २०२३ मध्येच सुरू झाले होते.

महाराष्ट्राने मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.चे अर्धे तिकीट ठेवले, २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये आणि साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज आणली. जानेवारी २०२५ मध्ये मात्र एस.टी.चे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले.

यात कारागिराची जागा कुठे आहे, ते पाहा. जी बाई घरच्या मीटरवर शिलाई मशीन, फॉल-पिको मशीन चालवते, तिला बोधनमध्ये मोफत युनिटांचा लाभ होऊ शकतो. बिलोलीत पंपाची वीज मोफत, पण तिच्याकडे पंप नाही. मराठवाडा-विदर्भातील उद्योगांना २०१६ पासून वीजदरात सवलत मिळाली, ती औद्योगिक जोडणीवर. घरच्या किंवा दुकानाच्या मीटरवर वेल्डिंग, पिंजण, रफू करणाऱ्याला तिचा उपयोग नव्हता. शिवाय सवलत युनिटमागे असली की ज्याची भट्टी मोठी त्याचा लाभ मोठा.

तरीही पलीकडे सारे स्वस्त, असे कोणी समजू नये. तेलंगणात पेट्रोलवर ३५.२० टक्के आणि डिझेलवर २७ टक्के कर २०१५ पासून चालत आला. धर्माबादहून बासरला जाऊन टाकी भरणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. एका हाताने पेन्शन द्यायची तर दुसऱ्या हाताने ती कुठून तरी वसूल होते. म्हणून दुकान पलीकडे हलवण्याचा विचार करणाऱ्याने आपल्या धंद्यात वीज जास्त लागते की वाहतूक, हे आधी पाहावे.

लातूरचे पाणी

लातूरचा खर्च आणखी एका वस्तूने चढतो, ती म्हणजे पाणी. मांजरा धरण आटले आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. साऱ्या देशाने ती बातमी वाचली. गंजगोलाईतील हॉटेलवाल्याला आणि धुलाईवाल्याला मात्र टँकरचे पैसे त्याआधीही मोजावे लागत होते आणि नंतरही. उजनीचे पाणी लातूरला आणण्याचे आश्वासन त्यानंतर दर निवडणुकीत ऐकू येते.

त्यात शिकवणी वर्गांमुळे लातुरात घरभाडे व दुकानभाडे चढलेले. सरकारी नोकराच्या घरभाडे भत्त्यासाठी नांदेड वरच्या वर्गात मोडते आणि लातूर खालच्या. पण नोकराला निदान भत्ता तरी आहे. कारागिराला महागाई भत्ता कोण देणार?

चार मुख्यमंत्री आणि एक अनुशेष

या दोन जिल्ह्यांनी राज्याला चार मुख्यमंत्री दिले: शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. धरणे, रस्ते, महाविद्यालये आली, ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. १९८४ मध्ये दांडेकर समितीने राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये काढला, त्यात मराठवाड्याचा वाटा साडेसातशे कोटींच्या घरात होता. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. पण हा अनुशेष रस्त्यांच्या किलोमीटरमध्ये आणि सिंचनाच्या हेक्टरमध्ये मोजला गेला. इथल्या दुकानदाराला तोच माल किती रुपयांनी महाग पडतो, हे त्यात कधी आले नाही. २००९ मध्ये महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला यावर दोन्ही शहरांत मोर्चे निघाले. डिझेलच्या भाड्यावर दोघांनी मिळून एक मोर्चा काढल्याचे आम्हांस आठवत नाही.

आपण काय करावे

पहिले, वहीत वाहतूक, वीज आणि पाणी यांची तीन खाती वेगळी ठेवावीत. वर्षअखेर या तीन खात्यांत विक्रीचे शेकडा किती गेले ते काढावे. व्यापारी संघाने दहा-वीस दुकानांचे असे आकडे जमवले तरी आमदारासमोर ठेवायला कागद तयार होतो. दुसरे, मागणी नेमकी असावी. "महागाई कमी करा" याला कोणीही होकार देतो आणि विसरतो. "मराठवाड्यासाठी तेलाचा जवळचा डेपो कधी?", "घरून धंदा करणाऱ्या कारागिराच्या विजेला सवलत कोणत्या मीटरवर?", "लातूरच्या पाण्याची तारीख कोणती?" या प्रश्नांना नेमकेच उत्तर द्यावे लागते. तिसरे, या मागण्यांत जात-जमात आणू नये. कुरेशी, बागवान, मोमीन यांचे डिझेल आणि मारवाडी, लिंगायत, मराठा व्यापाऱ्याचे डिझेल एकाच पंपावरचे आहे.

बाजारात आपण पै-पैसाठी घासाघीस करतो. मत देताना हीच सवय ठेवली, तर पुढच्या ईदला पाहुण्यांनी बिल विचारल्यावर आपल्यापाशी सांगण्यासारखे काही असेल.