टीबीचा शिधा घरात आला, पण रुग्णाच्या ताटात किती गेला?

टीबी झाला की सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, हे आता आपल्या बीड जिल्ह्यात बहुतेकांना ठाऊक आहे. पण गोळ्यांबरोबर खाण्यासाठी पैसे मिळतात आणि शिधाही मिळू शकतो, हे अजून बऱ्याच घरांत माहीत नसतं. ज्यांना शिधा मिळतो, त्यांच्यातल्याही काही घरांत तो सगळ्यांच्या डब्यात ओतला जातो अन् आठ-दहा दिवसांत संपतो. आजारी माणूस तसाच बारीक राहतो. म्हणून हा शिधा कशासाठी आहे, कुणाला मिळतो आणि कसा वापरायचा, ते समजून घेऊ.

गोळीला अन्नाची जोड कशाला?

टीबीचे जंतू कितीतरी लोकांच्या अंगात नुसते पडून असतात. अंगात ताकद आहे तोवर ते डोकं वर काढत नाहीत. पोटाला नीट नसलं की आजार उठतो. आजार उठला की भूक मरते, वजन उतरतं, मग आजार आणखी बळावतो. गोळी जंतू मारते, पण झिजलेलं अंग गोळीनं भरून येत नाही. नुसती फवारणी केली अन् मुळाला पाणीच दिलं नाही तर पीक उभं राहील का? तसंच हे आहे.

झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी २०१९ पासून यावर मोठा अभ्यास केला. २,८०० रुग्णांना उपचाराबरोबर दर महिन्याला १० किलो शिधा दिला. त्यात ५ किलो तांदूळ, ३ किलो सातू, दीड किलो दूध पावडर आणि अर्धा किलो तेल होतं. २०२३ मध्ये निकाल छापून आले. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. ५ टक्के म्हणजे किती? ४० किलोच्या माणसाचे फक्त २ किलो.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. निम्म्या भागात रुग्णाच्या घरच्यांनाही माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दरमहा दिली. त्या घरांत नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं.

काय काय मिळतं?

पहिलं, पैसे. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळायचे. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. सहा महिन्यांच्या उपचारात ३,००० रुपये सुरुवातीला आणि ३,००० रुपये ८४ दिवस पूर्ण झाल्यावर, असे थेट बँक खात्यात येतात. खासगी डॉक्टरकडे उपचार चालू असले तरी हे पैसे मिळतात, फक्त निक्षय पोर्टलवर नोंद झालेली पाहिजे. खातं आधारला जोडलेलं नसलं की पैसे अडकतात. आधी ते तपासा.

दुसरं, शिधा. २०२२ पासून 'निक्षय मित्र' ही पद्धत सुरू आहे. कुणीही माणूस, संस्था, कारखाना किंवा लोकप्रतिनिधी नोंदणी करून रुग्णाला किमान सहा महिने शिधा देऊ शकतो. मोठ्या माणसासाठी महिन्याला ३ किलो धान्य, दीड किलो डाळ, पाव लिटर तेल आणि ६ लिटर दूध किंवा १ किलो शेंगदाणे, असं साधारण प्रमाण ठरवलेलं आहे. रुग्णाची संमती मात्र लागते. आता घरच्यांनाही यात घेतलं आहे.

यातला फरक लक्षात ठेवा. पैसे हा प्रत्येक नोंदणी झालेल्या रुग्णाचा हक्क आहे. शिधा मात्र मित्र मिळाला तरच येतो. म्हणून सही करताना आशाताईला सरळ विचारा, "आमच्यासाठी मित्र लागला का?"

तिसरं, वजन फारच कमी असलेल्यांना पहिले दोन महिने जास्त ताकदीचा खास पूरक आहार देण्याची तरतूद आहे. उंची ५ फूट ५ इंच असेल आणि वजन ५० किलोच्या खाली असेल, तर तुम्ही त्यात येऊ शकता. वजन-उंची मोजून घ्या.

हिशोब करून बघा

दीड किलो डाळ एका माणसाला महिनाभर पुरवली तर रोजची ५० ग्रॅम होते. ३ किलो धान्य म्हणजे रोज १०० ग्रॅम, आणि शेंगदाणे मूठभर. एवढं रोजच्या जेवणात वाढलं तर अंगाला लागतं. हाच शिधा पाच जणांत गेला तर वाट्याला १० ग्रॅम डाळ येते. त्यात काय होणार?

घरात पोरंबाळं असताना वेगळं ताट वाढायला बाईला जड जातं, हे खरं आहे. कित्येकदा तर आजारी बाईच सगळ्यांना वाढून मागं उरलेलं खाते. तिथंच शिधा वाया जातो. यावर सोपा उपाय म्हणजे शिधा आला की रुग्णाचा डबा वेगळा करायचा. भाकरी सगळ्यांबरोबरच, पण तिच्या ताटात वरण घट्ट, वर अंडं किंवा भाजलेले शेंगदाणे. भूक नसेल तर तीन वेळांऐवजी पाच वेळा थोडं थोडं द्या. दारू पूर्ण बंद, कारण गोळ्यांचा भार आधीच लिव्हरवर असतो.

सगळ्यांना एकच ताट चालत नाही

टीबीबरोबर शुगर असेल तर भात, गूळ, साखर आवरा. डाळ, अंडी, पालेभाजी वाढवा. किडनीचा त्रास असेल तर डाळ किती खायची ते डॉक्टरांनाच विचारा. गोळ्यांनी मळमळ होत असेल तर मनानं बंद करू नका, कधी आणि कशाबरोबर घ्यायच्या ते केंद्रात विचारून घ्या. दर महिन्याला वजन करा. वजन वाढलं की गोळ्यांचं प्रमाणही बदलू शकतं.

ऊसतोडीला जाण्याआधी

आपल्याकडचा मोठा प्रश्न हा आहे. कोयता उचलला की उपचार गावात राहतो. निघण्याआधी उपकेंद्रात सांगून कारखान्याजवळच्या दवाखान्यात नाव वर्ग करून घ्या. निक्षय नंबर जवळ ठेवा, तो देशभर चालतो. शिधा तिकडं कसा मिळेल, तेही त्याच वेळी विचारा.

पैसे आले नाहीत, मित्र मिळाला नाही, काहीही अडलं तर १८००-११-६६६६ या मोफत नंबरवर फोन लावा. आणि गावात ज्यांची ऐपत आहे त्यांनी निक्षय मित्र म्हणून नाव नोंदवावं. सहा महिन्यांचा शिधा एका घराला पुन्हा उभं करू शकतो.