विनामूल्य ई-पुस्तक आणि स्वयंप्रकाशित लेखक

स्वतःचे पुस्तक स्वखर्चाने प्रकाशित करणाऱ्यास ‘स्वयंप्रकाशित लेखक’ म्हणतात. गोंदिया जिल्ह्यातील झाडीबोलीत लिहिणाऱ्या लेखकाचा विचार करू. त्याचा वाचक गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत विखुरलेला असतो. छापील प्रती तेथवर पोहोचविणे खर्चाचे असते. अशा वेळी ई-पुस्तक उपयुक्त ठरते.

अ‍ॅमेझॉनच्या ‘केडीपी सिलेक्ट’ योजनेत लेखक आपले ई-पुस्तक ९० दिवस केवळ किंडलवरच ठेवतो. या मुदतीत जास्तीत जास्त ५ दिवस ते विनामूल्य देता येते. त्या दिवसांत वाचकाने घेतलेल्या प्रतींवर मानधन मिळत नाही. मग लाभ कोणता? अपरिचित लेखकापुढील पहिली अडचण किंमत ही नसून अपरिचय ही असते. त्यातही बोली कानाला ओळखीची असली, तरी ती वाचण्याची सवय डोळ्यांना नसते. विनामूल्य प्रत ही सवय लावू शकते.

मात्र उतरवून घेतलेले प्रत्येक पुस्तक वाचले जातेच असे नाही. शिवाय लेखकाचे दुसरे, सशुल्क पुस्तक उपलब्ध नसेल आणि पहिल्याच्या शेवटी त्याचा निर्देश नसेल, तर जुळलेला वाचक पुढे जाणार कोठे? ‘ई साहित्य प्रतिष्ठान’ मराठी ई-पुस्तके विनामूल्यच देते. तेथे विक्री नव्हे, तर वाचनप्रसार हा हेतू आहे. म्हणून लेखकाने आपला हेतू आधी निश्चित करावा.

स्वयंअध्ययन प्रश्न : ‘विनामूल्य प्रत म्हणजे विक्री नव्हे, परिचय होय.’ सोदाहरण स्पष्ट करा.