गणिताचे सर व्हायचंय? मग पेपर आत्ताच निवडा

‘ऋण गुणिले ऋण धन का होतं?’ आठवीतल्या मुलाने हा प्रश्न विचारला तर तुम्ही काय सांगाल? ‘नियमच आहे तसा’ हे उत्तर तुम्हालाही कधीतरी मिळालं असेल. गणिताचे शिक्षक व्हायचं मनात असेल, तर पदवीच्या तीन-चार वर्षांत या उत्तराच्या पुढे जाता आलं पाहिजे. ती तयारी बी.एड.ला गेल्यावर सुरू करून भागत नाही. तुम्ही एफ.वाय., एस.वाय.ला कोणते विषय घेता आणि ते कसे शिकता, यावर बरंच काही ठरतं. अनेक जण मात्र टी.वाय.चा निकाल लागल्यावर ‘आता बी.एड. करू’ म्हणतात आणि मग कळतं की, हवा तो विषय आपण कधीच सोडून दिलाय.

वर्ग कोणता, ते आधी ठरवा

‘शिक्षक व्हायचंय’ एवढं म्हणून चालत नाही, कारण प्रत्येक टप्प्याची वाट वेगळी आहे. पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर बारावीनंतर डी.एल.एड. म्हणजे आपलं जुनं डी.एड. लागतं. बी.एड.वर प्राथमिकला लागता येईल, असं अजूनही काही जण सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये ती वाट बंद केली आहे. सहावी ते आठवीसाठी पदवी, अध्यापनाची पदवी किंवा पदविका आणि टीईटीचा दुसरा पेपर लागतो. नववी-दहावीला गणित विषयातली पदवी आणि बी.एड. अकरावी-बारावीला शिकवायचं तर एम.एस्सी.ला किमान ५० टक्के आणि बी.एड.

बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. त्याच्या प्रवेशासाठी पदवीला किंवा पदव्युत्तरला सर्वसाधारणपणे ५० टक्के लागतात आणि आपल्याकडे सीईटी द्यावी लागते. इंजिनीअरिंगच्या पदवीवरही प्रवेश मिळतो, पण तिथे अट ५५ टक्क्यांची आहे. आरक्षित प्रवर्गांना नियमानुसार सवलत असते.

बारावीलाच तुमचं पक्कं ठरलं असेल तर चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही आहे. बी.एस्सी. आणि बी.एड. एकत्र होतं, एक वर्ष वाचतं. त्यासाठी राष्ट्रीय पातळीवर एनसीईटी ही प्रवेश परीक्षा होते. महाराष्ट्र आणि गोवा ज्या विभागात येतात, त्या विभागाची एनसीईआरटीची प्रादेशिक शिक्षण संस्था भोपाळला आहे. तिथे हा एकात्मिक अभ्यासक्रम फार आधीपासून चालतो.

मायनर म्हणजे नुसते क्रेडिट नव्हेत

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता कॉलेजात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह अशी भाषा आली. मेजर गणितच ठेवा, यात वाद नाही. मायनर निवडताना मात्र ‘सोपा कुठला’ एवढंच बघितलं जातं, आणि पुढे अडतं ते तिथेच.

टीईटीचा दुसरा पेपर १५० गुणांचा असतो. गणित शिक्षकांसाठी त्यातले ६० गुण ‘गणित आणि विज्ञान’ अशा एकत्र विभागाचे असतात. शाळेतही सहावी ते आठवीचं पद बहुतेकदा गणित-विज्ञान असंच असतं. म्हणजे अपूर्णांकांचा तास संपवून पुढच्या तासाला तुम्हाला प्रकाशाचं परावर्तन शिकवायचं असतं. केंद्रीय विद्यालयांच्या टीजीटी गणित पदाच्या जाहिरातींत आणखी एक अट दिसते. पदवीला गणितासोबत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र आणि संख्याशास्त्र यांपैकी दोन विषय असावे लागतात. म्हणून मायनर याच यादीतला घ्या. भौतिकशास्त्र किंवा संख्याशास्त्र घेतलं तर दोन्हीकडे उपयोग होतो. ओपन इलेक्टिव्हमध्ये बालमानसशास्त्र किंवा शिक्षणशास्त्राचा पेपर मिळत असेल तर तोही सोडू नका, कारण टीईटीत ३० गुण बालविकास आणि अध्यापनशास्त्राचे आहेत.

पदवीचं गणित शाळेला कसं जोडायचं?

आता मुख्य मुद्दा. फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञाने १९०८ च्या सुमारास शिक्षकांसाठी दिलेल्या व्याख्यानांत एक दुखणं मांडलं होतं. विद्यापीठात आलेल्या मुलाला शाळेच्या गणिताचा काही संबंध लागत नाही, म्हणून तो ते विसरतो. पुढे तोच शिक्षक होऊन शाळेत जातो तेव्हा विद्यापीठातलं गणित विसरतो. त्याला स्वतःला शाळेत शिकवलं होतं, तसंच तो पुढे शिकवत राहतो. शंभराहून जास्त वर्षं झाली, दुखणं तसंच आहे.

मोठी पदवी म्हणजे चांगलं शिकवणं, असंही नाही. लिपिंग मा या संशोधिकेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांना एक गणित दिलं होतं: पावणेदोन भागिले अर्धा. सोबत त्यावर एक शाब्दिक उदाहरणही रचायला सांगितलं. अमेरिकेतल्या निम्म्याहून कमी शिक्षकांचं उत्तर पूर्ण बरोबर आलं आणि योग्य उदाहरण जवळपास कुणालाच रचता आलं नाही. चीनमधल्या सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं, बहुतेकांनी उदाहरणंही नीट रचली. गंमत म्हणजे औपचारिक शिक्षणाची वर्षं अमेरिकेतल्या शिक्षकांची जास्त होती.

तुम्ही करून बघा. ‘पावणेदोन भाकऱ्या दोघांत वाटल्या’ असं सुचलं का? मग चुकलात, तो दोनने भागाकार झाला. ‘पावणेदोन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरायचं, तर किती पिशव्या लागतील?’ हे बरोबर. उत्तर साडेतीन पिशव्या.

तर मग करायचं काय? प्रत्येक पेपर शिकताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: शाळेतल्या कुठल्या ‘का’चं उत्तर इथे आहे?

अॅब्स्ट्रॅक्ट अल्जिब्रामधलं ‘रिंग’ अनेकांना निरर्थक वाटतं. पण सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. (-१) ला १ + (-१) ने, म्हणजे शून्याने गुणलं तर उत्तर शून्यच यायला हवं. कंस सोडवला की पहिला गुणाकार -१ येतो. मग बेरीज शून्य व्हायची तर दुसरा गुणाकार, म्हणजे (-१) × (-१), हा १ च असला पाहिजे. बेरीज-गुणाकाराचे नेहमीचे नियम टिकवायचे तर दुसरा पर्यायच नाही. हे आठवीच्या मुलालाही समजतं.

रिअल अॅनॅलिसिसमध्ये ०.९९९… ही संख्या १ च का, याचं उत्तर मिळतं. लिनिअर अल्जिब्रा शिकलात की दोन चलांतल्या काही समीकरणजोड्यांना उत्तरच का नसतं, ते डोळ्यांसमोर दिसतं. नंबर थिअरीत ९ च्या कसोटीचं आणि मसावि काढायच्या भागाकार पद्धतीचं कारण सापडतं. भूमितीचा पेपर पर्यायी असेल तर तो घ्याच. दहावीच्या गणिताचा अख्खा भाग २ भूमितीचा आहे. गणिताच्या इतिहासाचा पेपर मिळाला तर उत्तम. ऋण संख्या आणि शून्याचे नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये लिहून ठेवले, हे वर्गात सांगितलं की मुलं कान टवकारतात.

यासाठी वेगळी वही करा. डाव्या पानावर शाळेतला प्रश्न, उजव्या पानावर तुमच्या पेपरमधलं उत्तर, तेही शाळकरी मुलाला कळेल अशा शब्दांत. तीन वर्षांत वही भरेल आणि बी.एड.च्या पाठ टाचणांना ती थेट कामी येईल.

दोन्ही भाषांत शिका

बी.एस्सी. इंग्रजीत होतं. शाळा मात्र मराठी माध्यमाची असू शकते, नाहीतर सेमी-इंग्रजीची. ‘इर्रॅशनल नंबर’ म्हणजे अपरिमेय संख्या, ‘सायमल्टेनियस इक्वेशन्स’ म्हणजे एकसामयिक समीकरणे, हे शब्द ऐनवेळी आठवत नाहीत. बालभारतीची सहावी ते दहावीची पुस्तकं दोन्ही माध्यमांतली जवळ ठेवा आणि सुट्टीत शेवटच्या सरावसंचापर्यंत सोडवा.

मुलांसमोर उभे राहा

बी.एड.मध्ये शाळेतली इंटर्नशिप किमान २० आठवड्यांची असते. पण शिकवणं आपल्याला मानवतं का, हे कळायला तोपर्यंत थांबू नका. कॉलेजचा फील्ड प्रोजेक्ट किंवा कम्युनिटी एंगेजमेंट असतोच, तो जवळच्या शाळेत करता येतो का ते विचारा. आठवड्याला दोन तास पाच मुलांना शिकवलंत तरी पुरे. उत्तर चुकलं म्हणून फुली मारण्याआधी ‘हे कसं केलंस?’ असं विचारायची सवय लावा. मूल कुठे अडतं, ते तिथेच कळतं. मुंबईत मानखुर्दला टीआयएफआरचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. गणित मुलांना कसं समजतं, यावर तिथे संशोधन चालतं. जमलं तर तिथलं साहित्य जरूर बघा.

आणि नोकरीचं?

हेही स्पष्ट बोलू. अनुदानित आणि सरकारी शाळांची भरती पवित्र पोर्टलवरून होते आणि त्यासाठी २०० गुणांची टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते. टीईटी वेगळी आणि टेट वेगळी, घोळ करू नका. पहिली टेट डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी थेट २०२३ मध्ये, तिसरी २०२५ मध्ये. या मधल्या वर्षांत ज्यांचं बी.एड. झालं, ते नुसते थांबून राहिले. नोकरी लागल्यावरही पहिली ३ वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. २०२३ मध्ये वाढ झाल्यावर माध्यमिकचं मानधन दरमहा १८ हजार झालं.

हे वाचून मागे फिरा असं नाही. पण थांबायची वेळ आली तर हातात काय असेल, याचा विचार आत्ताच करा. एम.एस्सी. केलीत तर कनिष्ठ महाविद्यालयाचं दार उघडतं. मायनरला संख्याशास्त्र किंवा संगणक असेल तर तेवढा काळ दुसरं काम मिळू शकतं. सीटीईटी दिलीत तर केंद्रीय शाळांच्या जाहिराती भरता येतात.

पुढच्या सेमिस्टरचा फॉर्म भरायच्या आधी एक संध्याकाळ काढा. कुठल्या वर्गाला शिकवायचंय ते कागदावर लिहा. त्याखाली त्या पदाच्या अटी, आणि त्याखाली तुमचे राहिलेले पेपर. जिथे जुळत नाही, तिथे विभागप्रमुखांना गाठा. विषय बदलायचा असेल तर मुदत संपायच्या आत बदला.