लेबलावरचं १९६३

‘लेबलावर १९६३ आहे, म्हणजे फर्स्ट प्रेस, पहिल्या खेपेची प्रत!’ बीटल्सच्या ‘प्लीज प्लीज मी’ची जुनी रेकॉर्ड हाती लागली की लोक हे छातीठोकपणे सांगतात, आणि विकणारेही त्याच जोरावर वाट्टेल तो भाव लावतात. हे साफ चूक आहे. ते साल ध्वनिमुद्रण पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्याचं असतं. तुमच्या हातातली तबकडी कारखान्यातून कधी बाहेर पडली त्याचं नव्हे. ऐंशीच्या दशकातल्या प्रतीवरही १९६३च असतं. किती वेळा सांगायचं!

वय कळतं ते लेबलाच्या रंगावरून. २२ मार्च १९६३ला पार्लोफोनने ही एलपी इंग्लंडमध्ये काढली तेव्हा काळ्या लेबलावर सोनेरी अक्षरं होती. थोड्याच दिवसांत काळ्यावर पिवळं आलं, १९६९मध्ये रुपेरी. सोनेरी लेबलातही लेनन-मॅकार्टनींच्या काही गाण्यांपुढे प्रकाशक म्हणून ‘डिक जेम्स’ असेल तर प्रत आधीची, ‘नॉर्दर्न साँग्ज’ असेल तर नंतरची. खरी दुर्मीळ आहे ती सोनेरी स्टिरिओ, कॅटलॉग क्रमांक पीसीएस ३०४२. त्या काळी घरोघरी मोनो वाजायचं, त्यामुळे स्टिरिओ प्रती कमीच निघाल्या.

आता तबकडी दिव्याखाली तिरपी धरा. शेवटचं गाणं संपल्यावर लेबलापर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते, तिच्यावर बारीक खुणा दिसतील. घड्याळातल्या सहाच्या जागी मॅट्रिक्स क्रमांक, नवाच्या जागी एखादा आकडा, तिनाच्या जागी एक-दोन अक्षरं. ही अक्षरं म्हणजे ज्या साच्याने तबकडी दाबली त्याचा क्रमांक. ईएमआयच्या हेझ इथल्या कारखान्यात जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी ही अक्षरं अनुक्रमे १ ते ९ आणि ० म्हणून वापरत. नुसता ‘जी’ म्हणजे पहिला साचा, ‘जीआर’ म्हणजे बारावा. लेबलाच्या सालापेक्षा ही दोन अक्षरं कितीतरी जास्त बोलतात, पण ती बघण्याची तसदी कोणी घेत नाही.

बीटल्सच्याच १९६८च्या ‘व्हाइट अल्बम’वर क्रमांक आहे म्हणून तो दुर्मीळ, हेही खरं नाही; क्रमांक लाखो प्रतींवर आहेत. २०१५मध्ये ज्युलियन्स या लिलावगृहात ७,९०,००० डॉलर मिळाले ते ००००००१ला, आणि ती प्रत रिंगो स्टारची होती.

त्यांच्या १९६६च्या अमेरिकन ‘येस्टरडे अँड टुडे’वर चिकटवलेलं चित्र सोलून खालचं वादग्रस्त कव्हर काढलं की भाव वाढतो? कागद फाटला तर उलट पडतो. कृपा करून सोलू नका.

‘भारतीय प्रतींना कोण विचारतं’ हेही ऐकतो. इंग्लंडमध्ये ७८ आरपीएमच्या रेकॉर्ड बंद झाल्यानंतरही कोलकात्याजवळच्या डमडमच्या ग्रामोफोन कंपनीने बीटल्सची गाणी ७८वर काढली, कारण इथे चावीचे ग्रामोफोन अजून वाजत होते. जगभरचे संग्राहक या रेकॉर्डच्या मागे असतात. पोलादी सुयांनी बहुतेक झिजल्या, म्हणून स्वच्छ प्रत मिळणं कठीण. मिळालीच तर एलपीच्या बारीक सुईवर वाजवू नका. ७८ची खाच रुंद असते, तिला वेगळी सुई लागते.