बोली कधी उघडावी?

मंडळी, पत्ते हा शब्द काढला की घरातल्या बायकांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्या उगाच पडत नाहीत. तीन पत्तीच्या फडावर आठवडी बाजाराचा पैसा घालवून रिकाम्या पिशवीने घरी येणारा माणूस कोणत्या गावात नाही? पण घाटनांदूरसारख्या गावात पत्त्यांची दुसरीही बाजू आहे. परळी-लातूर रोड मार्गावरच्या स्टेशनात गाडीची वाट पाहताना, पारावर, लग्नघरी रात्र जागवताना चौघे बसतात आणि मेंढीकोट रंगतो. दमडी लावलेली नसते. चढतो तो फक्त कोट, आणि त्याची चेष्टा मात्र आठ दिवस पुरते.

ज्याला मेंढीकोट येतो त्याला ब्रिज अवघड नाही. हा साहेबलोकांचा, क्लबातला खेळ, अशी आपली समजूत असते. मध्य प्रदेशात खरगोन जिल्ह्यात, म्हणजे आपल्या खानदेशाला लागून असलेल्या निमाडात, रायबिडपुरा नावाचे शेतकऱ्यांचे गाव आहे. १९६० नंतरच्या दशकात तिथे नेमणुकीवर आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनी गावकऱ्यांना ब्रिज शिकवला. डॉक्टर गेले, खेळ राहिला. तिथले शेतकरी पुढे मोठमोठ्या स्पर्धांत जाऊन खेळले. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ब्रिजला प्रथमच स्थान मिळाले, तेव्हा कोलकात्याच्या प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार या जोडीने सुवर्णपदक आणले. बर्धन त्या वेळी साठीचे होते. तेव्हा वय झाले म्हणून कोणी मागे राहू नये.

खेळाची मांडणी ओळखीचीच आहे. चौघे जण, समोरासमोरचे भिडू, प्रत्येकाला १३ पाने. फरक हुकुमाचा. मेंढीकोटात हुकूम बंद ठेवतात किंवा पान नसले की काढतात; ब्रिजमध्ये तो बोलीने ठरतो. किलवर सर्वांत खाली, मग चौकट, बदाम, इस्पिक आणि सर्वांत वर बिनहुकूम. "एक बदाम" म्हणणे म्हणजे बदाम हुकूम करून सहावर एक, असे सात हात करण्याची जबाबदारी घेणे. "चार बदाम" म्हणजे दहा हात. बोलले तेवढे झाले नाहीत तर गुण समोरच्यांना. पाने वाटणारा प्रथम बोलतो, नको असेल तर "पास" म्हणतो. चौघेही पास झाले की पाने पुन्हा पिसायची.

आता मुख्य मुद्दा. पहिली बोली कोणत्या पानांवर उघडावी? यासाठी सोपा हिशेब आहे. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १. एका रंगाचे १० होतात, चार रंगांचे ४०. म्हणजे सरासरीने प्रत्येकाच्या वाट्याला १० येतात. तुमच्याकडे १२ असतील तर उरलेले २८ तिघांत वाटले गेले आहेत, भिडूकडे साधारण नऊ असावेत. तुमचे दोघांचे २१, समोरच्यांचे १९. पारडे जरासे तुमच्याकडे झुकले. म्हणून १२ किंवा १३ गुणांवर बोली उघडावी असा सर्वसाधारण रिवाज आहे.

कोणी म्हणेल, ९ वर उघडली तर काय बिघडते? बिघडते ते भिडूचे. तुमची बोली हे त्याला दिलेले वचन आहे. त्याच्याकडे १३ गुण असतील तर तो मनात म्हणतो, याचे निदान १२, माझे १३, झाले २५; आणि तो बेधडक दहा हातांपर्यंत चढतो. तुमच्याकडे ९ च निघाले की तोंडघशी पडतो तो. मेंढीकोटात आपण खाकरून, भुवई उडवून भिडूला सांगतो. (नाही म्हणू नका!) इथे तसले काही चालत नाही; बोली हीच काय ती दोघांतली भाषा. ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असे कृषी खाते दरवर्षी सांगते ना, तसेच हे. पहिल्या सरीवर चाड्यावर मूठ धरली की दुबार पेरणीचा खर्च सगळ्या घराला सोसावा लागतो.

पण नुसते गुण मोजून भागत नाही. ही पाने पाहा: इस्पिकचे एक्का, राजा, ९, ७, ३, बदामचे राजा, गुलाम, ८, ५, २, चौकटचे ६, ४, किलवरचा ९. गुण फक्त ११. आता दुसरी पाने: इस्पिकचे राणी, गुलाम, ६, बदामचे राजा, गुलाम, ४, चौकटचे राणी, ८, ५, किलवरचे राजा, ९, ७, ३. गुण १२. उघडायची कोणती? माझ्या मते पहिली, आणि जाणकारही तसेच म्हणतील. तिथे दोन रंग लांब आहेत. हुकूम जमला की बारकी पानेही हात देतात. दुसऱ्या पानांत एक्का एकही नाही, गुण सगळीकडे विखुरलेले. ताळा असा करावा: गुणांत दोन सर्वांत लांब रंगांची पाने मिळवा, २० भरले तर उघडा. पहिल्यात ११ आणि १० मिळून २१. दुसऱ्यात १२ आणि ७ मिळून १९, पास.

जागाही पाहावी लागते. भिडू आधीच पास झाला आणि तुम्ही तिसरे असाल, तर चांगल्या पाच पानी रंगावर १० किंवा ११ गुणांनीही उघडावे. निदान उतारी कोणत्या रंगाची करावी हे तरी भिडूला कळते. चौथे असाल आणि तिघे पास झाले असतील तर आपल्या गुणांत इस्पिकची पाने मिळवावीत. १५ झाले तर बोलावे, नाहीतर डाव सोडून द्यावा. कारण इस्पिक सर्व रंगांत वरचे. ते समोरच्यांकडे असले की आपण उघडलेल्या दारातून तेच आत येतात. आणि सात पानी लांब रंग आहे पण गुण सहा-सातच, अशी पाने आली तर सरळ "तीन" वरच उघडतात. भिडूलाही ही खूण ठाऊक असते: ताकद नाही, पण समोरच्यांना बोलायला जागा ठेवायची नाही!

कायद्याचे एक सांगून ठेवतो. आपल्या राज्याचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना लागू नाही. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला, तेव्हा पाने वाटण्यातल्या नशिबाची तुलना ब्रिजशीच केली होती. तरी घरात खेळायचे तर पैशाचे नाव नको.

सुरुवात करताना आठ दिवस हात खेळूच नका. चौघांना पाने वाटा, प्रत्येकाने आपले गुण मोजावेत, उघडणार की पास हे बोलावे आणि मग पाने उताणी टाकून ताळा पाहावा. चौघांचे मिळून ४० भरले पाहिजेत. चौथी-पाचवीतली पोरे ही बेरीज मोठ्यांच्या आधी करतात.