पाडणारा आणि पडणारा

कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असेल, तर ती पाहावयास माणसे का जमतात, हा प्रश्न आपल्याकडील कुस्तीशौकिनाला पडणे स्वाभाविक आहे. कोल्हापूरच्या खासबागेत किंवा बेळगावकडील एखाद्या मैदानात तांबड्या मातीतल्या निकाली कुस्त्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याच्या लेखी ‘नुरा कुस्ती’ या दोन शब्दांइतकी पहिलवानाची दुसरी मोठी बदनामी नाही. असे असूनही १९९० नंतरच्या काळात याच शौकिनांच्या घरी मुले अमेरिकन पहिलवानांचे खेळ दूरचित्रवाणीवर तासन् तास पाहत बसू लागली. त्या पहिलवानांच्या उंची-वजनाचे आकडे छापलेल्या पत्त्यांचे डाव अंगणात रंगू लागले. वडील मंडळी ‘हे सगळे खोटे आहे’ असे बजावीत. पण बजावताना दारात उभी राहून तेच पाहत असत. त्या दारात मीही पुष्कळदा उभा राहिलो आहे.

त्या खेळांपैकी एक मला विशेष प्रिय आहे. २९ मार्च १९८७ रोजी अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, डेट्रॉइट शहराजवळील पाँटियाक येथील सिल्व्हरडोम नावाच्या छप्परबंद क्रीडागारात तो झाला. ‘रेसलमेनिया’ या वार्षिक उत्सवाचा हा तिसरा प्रयोग होता. त्याचा निकाल ठरलेला होता हे आज कोणीही नाकारीत नाही. तरीही तो पाहताना छातीत धडधडते ती का, याचा उलगडा करण्याचा आजचा प्रयत्न आहे.

प्रथम थोडे मागे जावे लागेल. निकाल ठरवून कुस्ती खेळण्याची रीत रूढ झाली याचे एक मोठे कारण खऱ्या कुस्तीच्याच एका अडचणीत सापडते. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये आपला गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झबिस्को यांची लढत झाली. ज्या गामाने उचलला म्हणून सांगतात तो प्रचंड दगड वडोदऱ्याच्या संग्रहालयात ठेवलेला आहे. त्याच्या ताकदीची कल्पना त्यावरून यावी. झबिस्कोला ती कल्पना आखाड्यातच आली. तो पालथा पडून राहिला आणि काही केल्या उताणा होईना. अडीच तासांहून अधिक वेळ ही कुस्ती अशीच चालली व अखेर अनिर्णित राहिली. पुढच्या आठवड्यात झबिस्को आलाच नाही, म्हणून गामाला विजयी ठरविण्यात आले. जाणकारांनी या कुस्तीतील बळाचे मोल ओळखले असेलही. परंतु तिकीट काढून आलेल्या सामान्य प्रेक्षकाने अडीच तास काय पाहावे?

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत एड लुईस हा पहिलवान, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी या प्रश्नाचे उत्तर शोधले. कुस्तीला वेळेची मर्यादा घातली, डोळ्यांत भरतील असे नवे डाव आणले, पहिलवानांचा ताफा गावोगाव फिरविला आणि कोणी जिंकावयाचे हे आधी ठरवून टाकले. त्यांनी वेन मन नावाच्या एका धिप्पाड फुटबॉलपटूला अजिंक्यपद बहाल केले. मनला कुस्ती फारशी येत नव्हती. प्रतिस्पर्ध्यांनी पडावयाचे ठरविले होते, म्हणून तो जिंकत होता. १५ एप्रिल १९२५ रोजी फिलाडेल्फिया येथे त्याच्यासमोर पडण्याचे काम एका सेहेचाळीस वर्षांच्या म्हाताऱ्या मल्लावर सोपविण्यात आले. हा मल्ल म्हणजे लंडनचा तोच झबिस्को! परंतु ठरलेल्या क्षणी झबिस्को पडला नाही. त्याने मनला खरोखरीच धरले, खरोखरीच आपटले आणि अजिंक्यपद घेऊन तो चालता झाला. एका रात्रीत सगळा बेत धुळीस मिळाला. ठरविलेल्या कुस्तीत खरी सत्ता पाडणाऱ्याची नसते, पडणाऱ्याची असते, हा धडा या धंद्याने त्या दिवशी घेतला.

शरीराच्या दृष्टीनेही हीच गोष्ट खरी आहे. प्रतिस्पर्ध्याला दोन्ही हातांनी आडवा उचलून पाठीवर आपटण्याचा डाव घ्या. पाहणाऱ्याला वाटते, उचलणाऱ्याने केवढे हे बळ लावले! वस्तुतः उचलला जाणारा पायांनी हलकी उडी घेतो, अंग ताठ ठेवतो, आधारासाठी उचलणाऱ्याच्या मांडीवर हात टेकतो आणि पडताना हनुवटी छातीशी घेऊन सगळी पाठ एकदम जमिनीला लावतो, म्हणजे आघात एका ठिकाणी न बसता विभागला जातो. खाली मऊ गादी असते असा समज आहे. प्रत्यक्षात पोलादी तुळया, त्यांवर लाकडी फळ्या, त्यांवर पातळ अस्तर आणि वर कॅनव्हास एवढेच असते. तेव्हा निकाल कल्पित असला तरी पडणे कल्पित नसते. दोघांनी एकमेकांच्या हाती आपली मान आणि मणका सोपविलेला असतो.

१९८७ च्या त्या दिवशी बारा कुस्त्या झाल्या. त्यांपैकी दोन स्मरणात राहिल्या. पहिली रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांची. सॅव्हेज हा तरुणपणी बेसबॉल खेळलेला, अत्यंत काटेकोर गृहस्थ. बहुतेक पहिलवान शेवट तेवढा ठरवीत आणि मधले डाव आयत्या वेळी, प्रेक्षकांचा कल पाहून रचीत. सॅव्हेजला ते मान्य नव्हते. त्याने प्रत्येक डाव क्रमवार लिहून काढला आणि एखाद्या नाटकाची तालीम करावी तशी स्टीमबोटसह त्याची उजळणी केली. परिणामी सुमारे पंधरा मिनिटांच्या त्या झुंजीत एक क्षण रिकामा गेला नाही. लंडनच्या अडीच तासांना दिलेले हे उत्तरच म्हणावयाचे.

दुसरी कुस्ती अगदी उलट प्रकारची होती, आणि मला खरे सांगावयाचे आहे ते तिच्याविषयी. अजिंक्यवीर हल्क होगन हा त्या काळी अमेरिकेतील मुलांचे दैवत होता. त्याच्यासमोर उभा होता आंद्रे रूसिमॉफ, फ्रान्समधील एका शेतकऱ्याचा मुलगा. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी वाढीचा रस प्रमाणाबाहेर निर्माण करू लागली की माणसाचे हातपाय, जबडा, हाडे वाढतच राहतात. आंद्रेला हा विकार होता. त्याची उंची ७ फूट ४ इंच आणि वजन ५२० पौंड, म्हणजे सुमारे २३६ किलो, असे जाहीर करण्यात येई. त्या देहामुळे त्याला कीर्ती मिळाली आणि तोच देह त्याला आतून मोडीत होता. १९८६ मध्ये एका चित्रपटात काम करताना पाठीच्या वेदनांमुळे त्याला सडपातळ नायिकेचे ओझेही पेलवेना; तिला तारांचा आधार द्यावा लागला. त्याच सुमारास त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. सिल्व्हरडोममध्ये तो उतरला तेव्हा काळ्या पोशाखाखाली त्याने कंबरेला आधाराचा पट्टा बांधलेला होता.

कथानक असे रचलेले होते की, आंद्रे हा होगनचा जुना मित्र. मत्सराने तो उलटला, होगनच्या अंगावरील सदरा आणि गळ्यातील क्रूस त्याने तोडला आणि अजिंक्यपदासाठी आव्हान दिले. क्रीडागार एवढे मोठे की, पहिलवानांना मध्यभागी नेण्यासाठी लहान गाड्यांची योजना करावी लागली होती. त्या गाडीत उभा राहून आंद्रे आला तेव्हा लोकांनी त्याच्यावर हाती लागेल ते फेकले. पंधरा वर्षे ज्याच्यावर त्यांनी प्रेम केले, त्याच्यावर!

कुस्ती सुमारे बारा मिनिटे चालली. आरंभीच होगनने त्याला उचलण्याचा प्रयत्न केला आणि तो त्याच्याखाली कोसळला. नंतर बराच वेळ आंद्रेने त्याला कवेत घट्ट आवळून धरले. डावांच्या दृष्टीने यात काही नाही. संथ, अवजड अशी ही झुंज आहे. तथापि शेवटी होगनने आंद्रेला आडवा उचलला, क्षणभर पेलला आणि पाठीवर टाकला. मग त्याच्या अंगावर पाय टाकून झेप घेतली आणि पंचाने तीन मोजले. आंद्रेला खरोखर पडावयाचे नसते, तर जगातील कोणत्याही बळाने त्याला त्या दिवशी पाडता आले नसते. आंद्रे ऐन वेळी काय करील याची आपल्याला शेवटपर्यंत खात्री नव्हती, असे होगन पुढे अनेकदा सांगत असे. होगनला तिखटमीठ लावून बोलण्याची सवय होती हे खरे; परंतु झबिस्कोची कथा ज्याला ठाऊक आहे, त्याला ही धास्ती निराधार वाटणार नाही. ज्या पाठीवर नुकतीच शस्त्रक्रिया झाली, ती पाठ आंद्रेने आपल्या खुशीने फळ्यांवर आपटून घेतली आणि आपली इतक्या वर्षांची कीर्ती तरुण सहकाऱ्याच्या हाती दिली.

या खेळाभोवती पुष्कळ असत्येही आहेत, ती झाकण्याचे कारण नाही. प्रेक्षकांची संख्या ९३,१७३ जाहीर झाली. या विषयाचे अभ्यासक ती ७८,००० च्या आसपास मानतात. आंद्रे पंधरा वर्षे अजिंक्य होता आणि त्याला कधी कोणी उचलले नव्हते, असा डांगोरा पिटला गेला. परंतु १९८० मध्ये न्यू यॉर्कच्या शे स्टेडियममध्ये खुद्द होगननेच त्याला उचलून आपटले होते. हा खेळ खराच आहे असे बाहेरच्या माणसापुढे भासवीत राहण्याच्या रीतीला त्या धंद्यात ‘केफेब’ असा एक जुना शब्द आहे. ती रीत मालकांनीच फेब्रुवारी १९८९ मध्ये मोडली. क्रीडास्पर्धांना लागू असलेली सरकारी देखरेख आणि कर चुकावेत म्हणून, हा खेळ स्पर्धा नसून करमणूक आहे, असे त्यांनी न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळासमोर स्वच्छ सांगून टाकले.

आणि तरीही प्रेक्षक घटले नाहीत. यात नवल वाटण्याचे कारण नाही. गोव्यात किंवा तळकोकणात दशावतार पाहण्यास बसलेल्या प्रत्येकाला संकासुर पडणार हे ठाऊक असते. म्हणून कोणी उठून जात नाही. आपण पाहत असतो ते तो कसा पडतो हे.

आंद्रे जानेवारी १९९३ मध्ये पॅरिस येथे वारला. वडिलांच्या अंत्यविधीसाठी तो गेला होता. वय अवघे सेहेचाळीस. होगननेही किंमत मोजली. पाठ, खुबे, गुडघे यांवर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया करून घेत त्याने उत्तरायुष्य काढले आणि २४ जुलै २०२५ रोजी तोही गेला. सॅव्हेज २०११ मध्येच गेला होता. ते क्रीडागार डिसेंबर २०१७ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आले.

आपल्या मातीतील कुस्ती आणि हा खेळ एकच आहेत असे मी म्हणणार नाही. निकाली कुस्तीत बळाची परीक्षा होते, ती येथे होत नाही. मात्र ‘हे सगळे खोटे आहे’ असे म्हणून दारात उभे राहणाऱ्यांनी एकदा आत येऊन बसावे आणि नजर जिंकणाऱ्यावरून काढून पडणाऱ्यावर ठेवावी. दुखऱ्या पाठीचा तो अवाढव्य माणूस होगनच्या हातांवर क्षणभर तोलला जातो, तेव्हा त्याच्याइतके खरे त्या क्रीडागारात दुसरे काही नसते.