साचा एक, वस्तू दोन: वेबपानावरच्या आयडीचा प्रश्न

आजचा प्रश्न तांत्रिक आहे, पण तत्त्वज्ञानाला तो जुनाच. एखाद्या ग्रंथालयाची वेबसाइट घ्या. प्लगइन बसवून तिथे संपर्काचा फॉर्म दोनदा दाखवलाय, एकदा वर, एकदा तळाशी. साचा एकच, म्हणून दोन्हीकडे ईमेलच्या रकान्याचा आयडीही एकच. डोळ्यांना काही खटकत नाही. पण खालच्या ‘ईमेल’ या शब्दावर क्लिक करा, कर्सर वरच्या फॉर्ममध्ये जातो. एकाच आयडीचे दोन घटक असले, की ब्राउझर पहिलाच धरतो. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध माणसाला तर खालचा रकाना बिननावाचा ऐकू येऊ शकतो. तिथे काय भरायचं, हे त्याला कळणार कसं?

कणादांच्या वैशेषिक दर्शनापुढे असाच पेच होता. पृथ्वीचे दोन परमाणू अगदी सारखे. मग ते दोन आहेत, हे कशावरून? त्यांचं उत्तर होतं ‘विशेष’. प्रत्येक परमाणूत स्वतःचा विशेष असतो, तो त्याला इतरांपासून वेगळं करतो. परमाणूला तो मुळातच असतो. फॉर्मला मात्र आपण द्यावा लागतो.

आता आपल्या उपनगरांतले डबे बघा. बोरिवलीहून, घाटकोपरहून निघालेल्या डब्याच्या झाकणावर खूण असते: कुठून निघाला, कुठे उतरवायचा, कुठली इमारत, कितवा मजला. गिऱ्हाईकाचं नाव नसतं. तिथे डबेवाल्याची ओळख कामी येते. ब्राउझरकडे अशी ओळख नाही. त्याला खूणच पुरी लागते.

ती द्यायची कशी? सोपा उपाय म्हणजे मोजणी. वर्डप्रेसमध्ये २०१९ पासून यासाठी एक तयार फंक्शन आहे. आपण पुढे जोडायचा शब्द द्यायचा. दर हाकेला ते आकडा एकाने वाढवून त्या शब्दाला जोडतं. तो शब्द आपल्या प्लगइनच्या नावावरून घ्यावा, म्हणजे दुसऱ्या प्लगइनच्या आयडीशी टक्कर होत नाही.

दोन पथ्यं सांगतो. पहिलं, आयडी एकदाच मागून व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि लेबल, रकाना, चुकीची सूचना या तिन्हींसाठी तोच वापरा. प्रत्येक ठिकाणी नवा मागितलात तर आयडी वेगळे होतील खरे, पण लेबलाचं रकान्याशी नातंच तुटेल. दुसरं, ही मोजणी सर्व्हरकडच्या प्रत्येक नव्या मागणीला पुन्हा एकपासून सुरू होते. पान उघडल्यावर मागाहून आणखी एखादा फॉर्म मागवलात, तर जुनाच आकडा परत येऊ शकतो. त्याला पुढचा शब्द वेगळा द्या.

आणि प्लगइन लोकांच्या हाती देण्याआधी एवढं करा: एकाच पानावर फॉर्म दोनदा ठेवा आणि खालच्या लेबलवर क्लिक करून बघा.